कीट कुणाच्या घरी असायचं?

दादर, वय ६१ (धागा मीच काढतोय, म्हणून सुरुवात माझी)

आमच्या क्रिकेट क्लबला ऑफिस नव्हतं, मैदानावर तंबू नव्हता, फोन तर नव्हताच. असोसिएशनकडे दिलेला पत्ता सेक्रेटरीच्या मामांच्या दुकानाचा, आणि ते दुकान कधीच बंद पडलेलं. तरी क्लब कुठे आहे हे आम्हा पंधराजणांना पक्कं ठाऊक असायचं. जिथे कीट तिथे क्लब. क्लब चालू असतानाची अकरा वर्षं ते आमच्या घरी दिवाणाखाली होतं.

आजच्या पोरांना सांगायला हवं, कारण आता प्रत्येकाची आपापली चाकांची बॅग. आमची सगळ्यांत मिळून एक, खाकी कॅनव्हासची, प्रेत ठेवता येईल एवढी लांब. आत पॅडचे तीन जोड, क्लबच्या दोन बॅटी, कीपरचे ग्लोव्ह्ज, बॅटिंगचे चार जोड (त्यातल्या एका जोडाचे दोन्ही हात डावे, ते कसं झालं हे कोडं अजून सुटलेलं नाही), स्टंप आणि चड्डीच्या आत घालायचा एक गार्ड. एक म्हणजे एकच. आउट झालेला गडी बाहेर आला की आधी तो काढून पुढच्याच्या हातात. कुणाला काही वाटायचं नाही. म्हणजे वाटायचं, पण विकेटा पडत असताना वाटून घ्यायला वेळ नसायचा.

बाहेरगावच्यांसाठी एवढंच: आम्ही कांगा लीगवाले. डॉक्टर होरमसजी कांगा हे जुन्या काळचे पारशी क्रिकेटपटू, त्यांच्या नावाने १९४८ पासून मुंबईत ही लीग चालते. तिची गंमत अशी की ती भर पावसाळ्यात, रविवारी, उघड्या खेळपट्टीवर. इंग्लंडात ओल्या विकेटवर आपले फलंदाज घसरतात, त्यांना घरीच सवय व्हावी हा हेतू. हेतू सफल झाला का हे मोठ्या लोकांनी ठरवावं. आमच्या घरी सफल झाला तो वास. जुलैपासून पुढचे तीन महिने ओल्या पॅडचा, चिखलाचा आणि चामड्याचा. आई म्हणायची, दिवाणावर पाहुणा बसवायचा तर आधी त्याला सर्दी आहे का विचारा.

तर शतकं आणि हॅटट्रिक नंतर कधीतरी लिहा. आधी सांगा: तुमच्या क्लबचं कीट कुणाच्या घरी असायचं?

गिरगाव, आता डोंबिवली

मी कधी खेळले नाही, भाऊ खेळायचा. पण कीट आमच्या चाळीतल्या खोलीत होतं, त्यामुळे क्लबची सभासद मीही होते असं समजून लिहिते.

खोली दहा बाय बारा, माणसं सात. रविवारी संध्याकाळी कीट आलं की गॅलरीच्या कठड्यावर पॅड वाळत पडायचे. शेजारच्या काकूंच्या पापडांना वास लागतो म्हणून दर श्रावणात एक भांडण ठरलेलं. बॅटीला जवसाचं तेल चोळायचं काम माझ्याकडे. दादा शिकवून गेला होता, पुढून आणि कडांना, मागे जिथे लेबल आहे तिथे नाही, आणि आडवी ठेव, उभी ठेवलीस तर तेल सगळं खाली बुडात उतरतं. नवी बॅट आली की जुना चेंडू मोज्यात घालून रात्री ठोकत बसायचा. खालच्या मजल्यावरचे आजोबा छताला काठी मारायचे. दोघांचा ताल जमायचा कधीकधी.

दादा लीगमध्ये किती धावा करायचा हे मला सांगता येणार नाही. पण पॅडच्या डाव्या गुडघ्यावर लाल डाग जास्त असले की त्या रविवारी त्याच्याशी बोलायचं नाही, एवढं कळायचं.

क्रॉस मैदानाजवळ वाढलेला, वय ७०

माझे वडील माळी. एका क्लबच्या मैदानावर. (क्लबचं नाव लिहीत नाही, त्यातली काही माणसं चांगली होती.) कीट आमच्याच खोलीत असायचं. तंबूच्या मागे पत्र्याची खोली, त्यात आम्ही पाचजण आणि तीन बॅगा.

पहाटे पाचला मैदानावर. नेटसाठी मॅट अंथरायची, ताणायची, खिळे ठोकायचे. मॅट सैल राहिली तर चेंडू कुठेही जातो आणि शिवी माळ्याला मिळते. टर्फच्या विकेटचं वेगळंच. ती दाबायची कधी, पाणी किती, रोलर कुठला हे वडील पायाच्या अंगठ्याने ठरवायचे. अनवाणी उभे राहायचे, अंगठा रुतवायचे आणि म्हणायचे, अकरापर्यंत थांबा. कॅप्टन थांबायचे नाहीत. साडेअकराला सगळी टीम तंबूत परत.

वडील दोन नावं एका दमात घ्यायचे. पहिलं बाळू पाळवणकर. चांभार समाजातला, पुण्यात इंग्रज साहेबांच्या मैदानावर खेळपट्टी राखायला होता. साहेबांना नेटमध्ये चेंडू टाकता टाकता असा डावखुरा गोलंदाज झाला की १९११ साली हिंदुस्थानचा संघ पहिल्यांदा इंग्लंडला गेला तेव्हा त्या दौऱ्यात शंभरावर बळी एकट्याने घेतले. आणि त्याच बाळूला आपल्याच संघाच्या लोकांनी चहा द्यायचा तो तंबूबाहेर, मातीच्या भांड्यात. दुसरं नाव एकनाथ सोलकर. त्याचे वडील हिंदू जिमखान्याचे माळी, घर मैदानाच्या आवारातच. त्याने २७ कसोटीत ५३ झेल घेतले, तेही बहुतेक बॅटच्या तोंडाशी हेल्मेटशिवाय उभं राहून. मैदानावरच वाढलेल्या पोराला चेंडूची भीती काय असणार, असं वडील म्हणायचे. आम्हीही तसेच वाढलो, पण मला भीती वाटायची. मी पोस्टात लागलो.

क्लबच्या सोहळ्याला एक पुस्तिका काढली होती, त्यात जुने फोटो. आम्ही कुठल्याच फोटोत नाही. एका फोटोत कडेला रोलर दिसतो आणि त्याचा दांडा धरलेला एक हात. हात वडिलांचा आहे, घड्याळावरून ओळखलं. ते घड्याळ क्लबच्याच एका सभासदाने दिलेलं होतं, हेही सांगायला हवं.

दादर, वय ६१

वाचून थोडा वेळ गप्प बसलो. आमचा माळी विकेट दाखवायला यायचा तेव्हा आम्ही त्याला ‘मामा’ म्हणायचो. नाव काय होतं ते आत्ता आठवून पाहिलं. आठवलं नाही.

माटुंगा, स्कोअरर

खेळाडू म्हणून मी अकरावा होतो, बाराव्या नंबरला गेलो आणि तिथून वही हातात आली ती बेचाळीस वर्षं. स्कोअरबुकं माझ्या घरी, कीट नाही. दोन्हींत फरक आहे. कीट बदलतं, वही बदलत नाही.

आझाद मैदानावर २२ खेळपट्ट्या आहेत. रविवारी सगळ्या चालू असल्या की एका सामन्याचा थर्ड मॅन आणि दुसऱ्याचा शॉर्ट लेग पाठीला पाठ लावून उभे. नवखा माणूस चक्रावतो. आम्हीही एकदा चक्रावलो. डाव संपला, दोन्ही स्कोअरर शेजारी बसून बेरीज करतोय, माझे ६३ आणि त्याचे ६२. षटकामागून षटक जुळवत गेलो. गोलंदाजांच्या खात्यात फरक नाही, फलंदाजांच्या खात्यात नाही. शेवटी सापडलं, माझ्याकडे एक लेगबाय जास्त (बॅट न लागता अंगाला लागून मिळालेली धाव, ती कुणाच्याच खात्यात जात नाही). मी शपथेवर सांगत होतो की अंपायरने खुणेसाठी गुडघ्यावर हात मारलेला मी पाहिलाय. मारला होता खरा. पण तो शेजारच्या सामन्याचा अंपायर होता. तोही बहुतेक डास मारत होता.

६३ या आकड्यावर हसू नका. कांगा लीगमध्ये ६३ ला सामने निघालेत. बाहेरच्यांना वाटतं चिखल म्हणजे फलंदाजाचा शत्रू. तसं नाही. पाऊस पडून विकेट पार लिबलिबीत असते तेव्हा चेंडू मंद येतो, जीव वाचतो. खरा घात ऊन पडल्यावर. वरचा पापुद्रा वाळायला लागतो, आत ओल तशीच. मग एकाच टप्प्यावरून एक चेंडू नाकाशी आणि पुढचा घोट्याशी. त्यात गवत कापलेलं नाही. जमिनीलगत मारलेला देखणा कव्हर ड्राइव्ह पंधरा पावलांवर गवतात बसून राहतो, पळून एक. डोळे मिटून उचललेला फटका मात्र चार. शिस्तीच्या फलंदाजांना इथे आधी आपली शिस्त विसरावी लागायची. इथल्या तीस धावा म्हणजे दुसरीकडचं शतक हे म्हणणं उगाच नाही पडलेलं.

दादर युनियन आणि शिवाजी पार्क जिमखाना हे त्यातले डोंगर. एकीकडे माधव मंत्री, त्यांचा भाचा सुनील गावसकर, वासू परांजपे, वेंगसरकर. दुसरीकडे अजित वाडेकर आणि पद्माकर शिवलकर. फर्स्ट क्लासमध्ये ५८९ बळी घेऊनही ज्याला कसोटी मिळाली नाही, असा डावखुरा वाळत्या विकेटवर तुम्हाला टाकतोय अशी कल्पना करा. आमच्यासारख्या खालच्या डिव्हिजनवाल्यांच्या वाट्याला हे दोन्ही क्लब कधी आले नाहीत. देवाची कृपा. आमचा सामना आटोपला की (लवकरच आटोपायचा) मी वही बगलेत मारून त्यांचा बघायला जायचो.

आणि हो, सचिन-कांबळीची ६६४ ची भागीदारी आझाद मैदानावरच झाली, फेब्रुवारी १९८८. तो डाव ‘मी स्वतः पाहिला’ म्हणणारे मला आजवर इतके भेटलेत की त्या दिवशी मैदानावर क्षेत्ररक्षकांना उभं राहायला जागा कशी उरली कळत नाही. मी पाहिला नाही. ऑफिसात होतो.

एक सूचना नव्या स्कोअररसाठी: पावसाळ्यात पेन्सिल वापरा. शाई पाण्यात उतरते. माझ्या एका वहीत एक संपूर्ण डाव निळा ढग होऊन बसलाय.

पुणे, सदाशिव पेठ

१९४८ चा उल्लेख आलाच आहे आणि मुंबईकरांना त्या वर्षी फक्त कांगा लीग दिसते, म्हणून लिहितो. त्याच वर्षी डिसेंबरात, आमच्या पूना क्लबच्या मैदानावर, भाऊसाहेब निंबाळकर महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३. ब्रॅडमनचा तेव्हाचा विक्रम ४५२, अवघ्या नऊ धावा लांब. महाराष्ट्र ४ बाद ८२६. समोरच्या कर्णधाराला ही शोभा सहन होईना. त्याने सामना सोडला, संघाने कीट बांधलं आणि थेट स्टेशन गाठलं. क्रिकेटच्या इतिहासात कीट वेळेआधी बांधल्याचं याहून महाग उदाहरण मला माहीत नाही.

आमच्या क्लबचं कीट कोषाध्यक्षांकडे असे. कुलूप लावून. किल्ली मागायला गेलं की आधी वर्गणीची पावती दाखवावी लागे. याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

मालवण तालुका, सध्या नालासोपारा

लेदर बॉल, पॅड, स्कोअरबुक, सगळं वाचतोय कौतुकाने. आमचं म्हणजे टेनिस बॉल. गावचं मंडळ, मुंबईत शाखा. जर्सीची वर्गणी मुंबईत जमायची, खेळ गावात, मे महिन्यात.

मैदान असं नाहीच. भात कापून कोरडे पडलेले कुणगे (शेताचे तुकडे), त्यांचे मधले मेर, म्हणजे बांध, फोडून सपाट करायचे. पावसाआधी मेर परत घालून द्यायची हमी मंडळाची. ज्याचा कुणगा मधोमध येतो, त्याचा पोरगा संघात. खेळता येत असो नसो. आमच्याकडे असा एक होता, सलग सहा वर्षं ओपनिंगला. सातव्या वर्षी त्याच्या बापाने कुणग्यात काजू लावले, तेव्हा कुठे ओपनिंगचा प्रश्न सुटला.

कीट देवळात. भंडाराच्या खोलीत, समया आणि सतरंज्यांच्या बाजूला दोन बॅटी, सहा स्टंप. किल्ली मानकऱ्याकडे, आणि मानकरी पलीकडच्या वाडीच्या बाजूचा. अंतिम सामन्याच्या सकाळी तो नेमका मालवणच्या बाजाराला गेलेला. शेवटी माडाच्या पिड्याची (झावळीच्या जाड देठाची) बॅट करून टॉस केला, तोवर आला.

लाउडस्पीकरवरचं समालोचन ही खरी मजा. आमचा एक काका चार चार तास बोलायचा. "गेलो, गेलो, गेलो... चेंडू थेट आबांच्या गोठ्यात! आबानू, बॉल परत देवा, म्हशीक लागलेलो नाय!" बक्षीस म्हणून चषक आणि बोकड. चषक मंडळाच्या कपाटात आहे.

ठाणे, वय ६९

मुलींचा क्लब कुणी लिहिलेला नाही म्हणून मी.

मुंबईत १९६९ पासून आल्बीज नावाचा बायकांचा क्रिकेट क्लब होता, पारशी बाईंनी काढलेला. १९७३ साली पुण्यात मुलींची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, संघ किती? तीन. मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. आमचा संघ त्यानंतरचा, उपनगरातला, कॉलेजच्या मुली जमवून केलेला, आणि तो चारच वर्षं टिकला. मी कसोटीबिसोटी खेळलेली नाही, उगाच समज नको.

कीट माझ्याकडे. आईची अट एकच, कुणी विचारलं तर भावाचं आहे म्हणायचं. मला भाऊ नाही. हे चाळीत सगळ्यांना माहीत होतं, तरी विचारणारे विचारायचे आणि मी सांगायची, आणि ते मान हलवून जायचे.

पॅड पुरुषांचे, उंच. मांडीपर्यंत यायचे, धावताना एकमेकांत अडकायचे. मी रनआउट जेवढी झाले तेवढी दुसऱ्या कशानेच झाले नसेन. बाहेरगावी जायचं तर विनाआरक्षण डब्यात, आणि कीटची बॅग दाराशी टाकून त्यावर बसायचं. तिच्यावर बसून भुसावळपर्यंत झोपलेय मी. स्टंप टोचतात.

बायकांची संघटना बीसीसीआयमध्ये २००६ ला गेली. तोवर आमच्या वेळच्या बहुतेकजणी सासवा झाल्या होत्या. आता नात अकादमीत जाते. तिचे पॅड तिच्या मापाचे आहेत, गुलाबी पट्ट्यांचे. मी एकदा बांधून पाहिले.

इंग्लंडमधून, रेडिंगजवळ

इथे क्लबचं कीट क्लबहाउसच्या शेडमध्ये राहतं, त्यामुळे तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. पण त्याच्या जागी इथे चहाची पाळी असते. दोन डावांच्या मध्ये दोन्ही संघांना सँडविच, केक, चहा, आणि ते ज्याची पाळी त्याने करून आणायचं. आम्ही थर्ड इलेव्हन, म्हणजे पन्नाशीचे काका आणि चौदाची पोरं. माझी पहिली पाळी आली तेव्हा बायको म्हणाली, काकडीची सँडविचं काय नेतोस, साबुदाण्याची खिचडी कर. केली. समोरच्या संघातला एक म्हातारा तीनदा घेऊन गेला आणि मग दुसऱ्या डावात स्लिपमध्ये त्याला वाकता येईना. २०२० साली कोविडमध्ये हे चहा बंद झाले आणि बऱ्याच लीगनी ते परत सुरूच केले नाहीत. हल्ली आपापला डबा. घरी लवकर जायला मिळतं.

नाव, गाव नको

माझी गोष्ट कडू आहे. आमच्या क्लबचं कीट आता कुठेच नाही, पण क्लब आहे. कागदावर. असोसिएशनच्या निवडणुकीत क्लबला मत असतं, तेवढ्यापुरता तो जिवंत. आमच्या आजोबांच्या पिढीने आणे-आणे जमवून चालवलेल्या संघाच्या नावावर आता भलतेच कुणी खेळतात, त्यांतला एकही आमच्या वस्तीतला नाही. जुन्या सदस्यांना कुणी विचारलं नाही. एका रविवारी मैदानावर गेलो, स्कोअरबोर्डावर आमचं नाव, आणि आतला एकही चेहरा ओळखीचा नाही. थोडा वेळ उभा राहून टाळ्या वाजवल्या. मुलगा चांगला खेळत होता, त्याची काय चूक.

दादर, वय ६१

एवढं येईल असं वाटलं नव्हतं. आता खरं कारण सांगतो.

आमची बिल्डिंग पाडायला काढलीय. पुढच्या महिन्यात भाड्याच्या घरात जायचं, तिथे दिवाण मावत नाही. काल बॅग ओढून बाहेर काढली. क्लब बंद होऊन चौदा वर्षं झाली, मधे एकदाही उघडली नव्हती. चेन गंजलेली, पक्कडने उघडली. पॅडचे तीन जोड आहेत, एकाला उंदरांनी आतला कापूस काढून नेलाय. कीपरचे ग्लोव्ह्ज मुठी आवळलेल्या तसे कडक झालेत. दोन्ही डावे ग्लोव्ह्ज जागेवर. तळाशी सुकलेला चिखल होता मूठभर, तो टाकवेना म्हणून परत आत. बायको बघत होती, काही बोलली नाही.

क्लबच्या जुन्या लोकांपैकी आठजणांना फोन केले. तिघे उचलत नाहीत, दोघे मुलांकडे बाहेर, एकाला ऐकू येत नाही. बॅग कुणाला हवी असेल तर सांगा. क्लब वेगळा असला तरी चालेल.

माटुंगा, स्कोअरर

मी येतो रविवारी सकाळी. आत स्कोअरबुकं असतील तर ती सगळी मला द्या, आणि स्टंप. पॅड नकोत, घरात वास येतो.

क्रॉस मैदानाजवळ वाढलेला, वय ७०

पॅड मी घेतो. वाळवायचे कसे ते मला माहीत आहे. पत्ता कळवा.